रात्रीचा हिमवर्षाव आणि फ्लॅशची साक्ष

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शास्त्रीय विषयावर चार पाने लिहून द्यावीत, अशी संपादक मंडळाची सूचना आली. आम्ही विषय सांगितला तेव्हा मंडळातील एक ज्येष्ठ सभासद हसले व म्हणाले, "मास्तर, बेळगावात पाऊस पडतो, धुके पडते, वळवाला कधी गारा पडतात. बर्फ कुणी पाहिलाय?" आक्षेप रास्त होता. तरीही आम्ही विषय बदलला नाही, याचे कारण आधी सांगणे भाग आहे.

बर्फ आपल्या गावाला अगदीच परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे असल्यामुळे काश्मीर-लडाखातील बर्फात वर्षे काढून आलेली माणसे आपल्या शेजारीपाजारी राहतात, आणि त्यांच्या तोंडून बर्फाच्या कहाण्या आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे तो आणखी एका वाटेने आपल्या घरात येऊ लागला आहे. शिक्षणासाठी थंड देशांत गेलेली आपली मुले तेथून छायाचित्रे पाठवतात, आणि त्यांत बर्फ असतो. अशाच एका छायाचित्राने आपल्या सभासद कुटुंबांपैकी एका घरात काही दिवस अन्न गोड लागू दिले नाही. ती हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने, नावे न देता, येथे सांगत आहोत.

घडले ते असे

त्या घरातील मुलगी पदवीच्या पुढे शिकलेली त्या कुळातील पहिलीच. आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा थोडा हातभार लागला आणि ती उच्च शिक्षणासाठी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील साप्पोरो शहरी गेली. मुलीला इतक्या लांब पाठवावे की नाही यावर घरात पुष्कळ वाद झाला होता. आजी शेवटपर्यंत नाखूष होत्या. "जा, पण तोंड दाखवत राहा," एवढीच त्यांची अट होती.

जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री नऊच्या सुमारास तेथे हिमवर्षाव चालू असता तिने वसतिगृहाबाहेर उभे राहून मैत्रिणीकडून आपले छायाचित्र काढून घेतले. कॅमेरा वडिलांनी दिलेला, जुना, खिशात मावणारा. त्याचा लहानसा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी. छायाचित्र घरी पोहोचले. पाहतात तो काळोखात मुलगी उभी, आणि तिच्याभोवती पांढुरकी, अर्धपारदर्शक वर्तुळे. काही रुपयाएवढी, काही बशीएवढी. एक तर तिच्या निम्म्या चेहऱ्यावर. चेहरा स्वतः मात्र अंधूक.

आजींनी छायाचित्र हातात घेतले व न बोलता खाली ठेवले. मग घरातील कुणी ते एका 'जाणकार' म्हणवणाऱ्या गृहस्थास दाखवले. त्याने सांगितले की हे अतृप्त आत्मे असून परक्या मुलखात मुलीच्या मागे लागले आहेत. उतारा करावा लागेल, त्यास अमुक इतका खर्च येईल, आणि तो होईपर्यंत मुलीला परत बोलवावे. पैशाचे एक वेळ जाऊ द्या. पण मुलगी सत्राच्या मध्यावर परत आली असती तर तिचे वर्ष गेले असते, आणि आमच्या मते ती पुन्हा गेलीच नसती.

मुलीचे वडील आमच्याकडे आले. "सर, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता. घरी येऊन आईशी एकदा बोला." आम्ही गेलो. आजींनी छायाचित्र पुढे केले आणि एकच विचारले, "मास्तर, फोटो खोटं बोलतोय काय हो? मग हे खरं म्हणायचं का नाही?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. 'हे सारे खोटे आहे' असे म्हणून भागणारे नव्हते, कारण वर्तुळे छायाचित्रात खरोखरच होती. ती तेथे कशी आली हे दाखवल्याशिवाय आजींची भीती जाणार नव्हती. त्या दिवशी आजींना जे सांगितले व दाखवले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

आकाशातून पडते ते काय

हिम म्हणजे गोठलेला पावसाचा थेंब नव्हे. ढगातील पाण्याची वाफ द्रवरूप न होता थेट धूलिकणावर गोठू लागते आणि बर्फाचा लहानसा षट्कोनी स्फटिक तयार होतो. तो खाली येता येता वाढतो. असे अनेक स्फटिक एकमेकांत गुंतले म्हणजे आपण ज्याला हिमकण म्हणतो तो काही मिलिमीटर रुंदीचा हलका पुंजका होतो. बर्फ काचेसारखा पारदर्शक असताना हिम पांढरे का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. स्वयंपाकघरातील साखर किंवा मीठ हेच त्याचे उत्तर. एकेक खडा पारदर्शक, पण ढीग पांढरा, कारण असंख्य पैलूंवरून प्रकाश सर्व दिशांना उधळला जातो. हिमकण असाच प्रकाश उधळतो, आणि आपल्या गोष्टीत हा गुण महत्त्वाचा आहे.

दुसरा गुण त्याच्या गतीचा. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो. हिमकण हवेत तरंगत, सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे माणसाच्या सावकाश चालण्याइतक्या वेगाने उतरतो. त्यामुळे एकाच वेळी हवेत पुष्कळ हिमकण असतात. आपण त्या पडद्याच्या बाहेर राहून तो पाहत नसतो, तर त्याच्या मधोमध उभे असतो. काही कण दूर, काही जवळ, आणि काही थेट भिंगापुढे वितीवर.

साप्पोरो हे तर हिमाचे माहेरच. सुमारे वीस लाख वस्तीचे हे शहर, आणि तेथे वर्षाकाठी सरासरी पावणेपाच मीटरांच्या आसपास हिम पडते. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून जाताना त्याच्या तुलनेने उबदार पाण्याची वाफ उचलतो आणि होक्काइदोच्या भूमीवर आणून ओततो. आपल्याकडे अरबी समुद्राचा वारा आंबोलीच्या घाटाला भिडून पाऊस देतो, त्याचाच हा थंड प्रदेशातला भाऊबंद समजावा.

फ्लॅश काय करतो

दिवसा हिमवर्षावाचे छायाचित्र घेतले तर अशी वर्तुळे उमटत नाहीत. सूर्य इतका दूर आहे की भिंगाजवळचा कण आणि पन्नास पावलांवरचा कण यांना तो सारखाच उजळतो. फ्लॅशचे तसे नाही. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. अंतर दसपट झाले की प्रकाश शंभरावा हिस्सा उरतो. हा नियम आपण दहावीच्या आगेमागे शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. येथे त्याची आठवण करावी लागते. मुलगी कॅमेऱ्यापासून अडीच मीटरांवर उभी होती असे धरू. एखादा हिमकण पंचवीस सेंटिमीटरवर होता. तो दहापट जवळ, म्हणून त्याच्यावर तिच्या चेहऱ्याच्या शंभरपट प्रकाश पडला.

आता आकाराचे पाहू. डोळ्यासमोर बोट धरले तर त्याआड चंद्र झाकतो. बोट चंद्राहून मोठे असते म्हणून नव्हे, तर ते जवळ असते म्हणून. त्याच हिशेबाने पंचवीस सेंटिमीटरवरील पाच मिलिमीटरचा हिमकण अडीच मीटरांवरील चेहऱ्याचा पाच सेंटिमीटर भाग झाकतो. म्हणजे एक डोळा आणि गालाचा काही भाग गेलाच.

यात भर पडते फोकसची. कॅमेऱ्याचा फोकस मुलीवर होता. भिंगालगतचा कण फोकसबाहेर राहिला, आणि फोकसबाहेरचा चकाकता ठिपका ठिपका न राहता फुगून टिकली होतो. टिकलीचा आकार हा भिंगाच्या छिद्राचा आकार असतो. छिद्र गोल तर टिकली गोल. छिद्र सहा पात्यांचे व अर्धवट मिटलेले असेल तर टिकली षट्कोनी. असे षट्कोन पाहून काही लोक 'हिमाचा स्फटिक फोटोत आला' म्हणून हरखून जातात. तो स्फटिकाचा षट्कोन नसून कॅमेऱ्याच्या पात्यांचा असतो. टिकली पसरल्यामुळे तिचा प्रकाशही विरळ होतो, म्हणून ती अर्धपारदर्शक दिसते व तिच्या मागचा कोट, भिंत, झाड दिसत राहते. भुताटकीचा भास होतो तो या पारदर्शकपणामुळेच.

फ्लॅश भिंगाला चिकटून असला म्हणजे हा दोष कमालीला पोहोचतो. प्रकाश ज्या वाटेने जातो जवळपास त्याच वाटेने उधळून परत येतो, आणि भिंग तेथेच बसलेले असते. आंबोलीच्या घाटात श्रावणातल्या धुक्यात ज्यांनी मोटार हाकली आहे त्यांना हे ठाऊक आहे. मोठा दिवा लावला की पुढे पांढरी भिंत उभी राहते; दिवा खाली केला की रस्ता थोडा तरी दिसतो. धुके तेच, रस्ता तोच. फरक दिव्याच्या दिशेचा.

चेहरा अंधूक का, हाही प्रश्न आजींनी विचारला होता. बहुतेक कॅमेरे परत येणाऱ्या प्रकाशावरून फ्लॅशचे माप ठरवतात. भिंगाजवळच्या कणांनी भरपूर प्रकाश परत पाठवला. कॅमेऱ्याला वाटले की काम झाले, आणि त्याने फ्लॅश आवरता घेतला. बिचाऱ्या मुलीच्या वाट्याला उरलासुरला प्रकाश आला.

मग छायाचित्र काढणाऱ्या मैत्रिणीला ही वर्तुळे डोळ्यांनी का दिसली नाहीत? कारण तिच्या डोळ्यांपुढचे जवळचे कण अंधारात होते, आणि रस्त्यावरील दिव्याखालचे दूरचे तेवढे तिला दिसत होते. फ्लॅश चमकला तो सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता, कित्येकदा त्याहूनही कमी वेळ. तेवढ्यात हिमकण जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणून कॅमेऱ्यात तो जागच्या जागी थिजला, आणि डोळ्यांना मात्र लखकन काही चमकले एवढेच कळले.

मोबाईलमधील दिव्यालाही आपण फ्लॅश म्हणतो, परंतु तो जातीचा निराळा. तो बराच अधिक काळ जळत राहतो. सेकंदाचा तिसावा भाग धरला तरी तेवढ्यात हिमकण तीन सेंटिमीटर खाली येतो. म्हणून मोबाईलच्या छायाचित्रात टिकल्यांऐवजी पांढरे फराटे अधिक दिसतात. त्यांनाही कुणी काही नाव देण्यापूर्वी हे ध्यानात असावे.

अंगणातला प्रयोग

इतके सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असेल." हा होकार नव्हता, मास्तरांचा मान राखणे होते. म्हणून दिवेलागणीनंतर आम्ही सर्वांना अंगणात बोलावले. घरात फ्लॅश असलेला आणखी एक साधा कॅमेरा निघाला. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. मुलीचा धाकटा भाऊ तुळईखाली उभा राहिला, आणि त्याच्या बहिणीने कॅमेऱ्यापुढे वितीवर बारीक फवारा मारला. फ्लॅश चमकला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भाऊ, आणि त्याच्याभोवती तीच वर्तुळे, तशीच पांढुरकी, तशीच पारदर्शक.

मग आम्ही फ्लॅश बंद केला. मुलाच्या बाजूला, चार पावलांवर, टेबलावरचा दिवा लावला आणि पुन्हा तसाच फवारा मारून छायाचित्र घेतले. वर्तुळे गायब, मुलाचा चेहरा स्वच्छ. तिसऱ्यांदा फ्लॅश लावून, पण फवारा न मारता घेतले. तेव्हाही वर्तुळे नव्हती. म्हणजे पाणी असून फ्लॅश नाही तर वर्तुळे नाहीत, फ्लॅश असून पाणी नाही तरी वर्तुळे नाहीत. दोन्ही एकत्र आली की वर्तुळे हजर. आजींनी तिन्ही छायाचित्रे दोनदोनदा पाहिली. शेवटी फवाऱ्याची बाटली स्वतः हातात घेतली व म्हणाल्या, "आता माझा काढा." आजींच्या भोवतीही वर्तुळे उमटली. त्या दिवशी प्रथमच त्या हसल्या.

हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल. पाण्याऐवजी सतरंजी झटकली तरी चालते. धुळीचे कणही तेच करतात. लग्नमांडवातील, उरुसातील, जत्रेतील रात्रीच्या छायाचित्रांत जी वर्तुळे दिसतात, ती बहुतेक अशा धुळीचीच असतात.

मग छायाचित्र घ्यावे कसे

बर्फाच्या देशांत असलेल्या आपल्या मुलांना उपयोगी पडावे म्हणून काही सूचना येथे देतो.

पहिली व सर्वांत सोपी: छायाचित्र काढणाऱ्याने आडोशाखाली उभे राहावे. पडवी, खिडकी, दुकानाची पुढे आलेली पत्र्याची कड, काहीही चालेल. पहिल्या दीड-दोन मीटरांत हिमकणच नसले तर शंभरपट उजळायला कुणी उरत नाही. ज्याचे छायाचित्र घ्यायचे तो बाहेर उघड्यावर उभा असला तरी चालेल. आडोसा नसेल तर कॅमेऱ्याच्या पुढे येईल अशी छत्री धरावी. तीही बरेच काम करते. वारा समोरून असेल तर मात्र पाठ वाऱ्याकडे करावी.

दुसरी: माणसाचा चेहरा हवा असेल तर फ्लॅश बंद करून रस्त्याच्या दिव्याचा उपयोग करावा. जमिनीवरील हिम त्या दिव्याचा प्रकाश वर परतवते, त्यामुळे वाटते त्याहून उजेड अधिक असतो. आयएसओ १६०० ते ३२००, भिंगाचे छिद्र शक्य तेवढे उघडे, शटर सेकंदाचा साठावा भाग, येथून सुरुवात करावी. एवढ्या वेळात हिमकण पावणेदोन सेंटिमीटर उतरतो, म्हणजे बारीक रेघ उमटते. कॅमेरा तिकाटण्यावर किंवा कठड्यावर ठेवून शटर आठव्या भागावर आणले तर बारा-तेरा सेंटिमीटरांच्या लांब रेघा मिळतात, आणि सरीसारखा देखावा दिसतो. माणसाने मात्र तेवढा वेळ निश्चल राहावे.

तिसरी: पडते हिमच टिपायचे असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवावा. सुटा फ्लॅश मित्राच्या हातात देऊन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोन-तीन मीटर बाजूला किंवा माणसाच्या मागे धरावा. झोत भिंगाच्या तोंडावर येऊ देऊ नये. मागून उजळलेले हिमकण काळ्या आकाशावर लखलखतात, आणि भिंगाजवळचे कण झोताबाहेर राहतात. मागे भिंत किंवा उजळ इमारत नसावी. काळोख जितका गडद, तितके हिम उठून दिसते.

चौथी: फ्लॅश कॅमेऱ्यावरच असेल आणि टिकल्या हव्याही असतील, कारण काहींना त्या शोभिवंत वाटतात, तर छिद्र उघडे ठेवल्यास टिकल्या मोठ्या व विरळ होतात, आणि मिटवून आठच्या आकड्यावर आणल्यास लहान व ठळक. फ्लॅशचे माप कॅमेऱ्यावर न सोपवता हाताने ठरवावे, म्हणजे चेहरा अंधारात राहणार नाही.

पाचवी जरा बारकाईची आहे. रस्त्याचा दिवा आणि फ्लॅश दोन्ही वापरले तर हिमकण दोनदा उमटतो, फ्लॅशने ठिपका आणि दिव्याने रेघ. फ्लॅश शटर उघडताच चमकला तर ठिपका वर आणि रेघ त्याच्या खाली येते. मग हिम वर चढत असल्यासारखे दिसते! शटर मिटण्याच्या क्षणी चमकला तर रेघ वर व ठिपका खाली येतो, आणि हिम जसे पडते तसे दिसते. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही निवड करण्याची सोय असते. ती शोधून दुसरी पद्धत निवडावी.

शेवटी निगेची गोष्ट. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते; जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. भिंगावर फुंकर घालू नये, श्वासाची वाफ तेथेच गोठते. उबदार खोलीत परतण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करावा व खोलीच्या उबेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर खोलीतील दमट हवेचे पाणी त्याच्यावर साचते.

पूर्वसूरींची शिस्त

फ्लॅशने स्फटिकाचे सौंदर्य दिसत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी वेगळीच तपश्चर्या लागते. हिमाला सहाच कोन का, याचा विचार खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६११ साली एका छोट्या पुस्तकात केला. खरे उत्तर मिळाले ते १९१२ नंतर, क्ष-किरणांनी स्फटिकांची अंतर्रचना उलगडू लागल्यावर: बर्फात पाण्याचे रेणूच षट्कोनी जाळीत बसतात.

स्फटिकाचे छायाचित्र घेणारा आद्य साधक म्हणजे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली नावाचा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी पहिले छायाचित्र घेतले, आणि पुढील आयुष्यात ५,००० हून अधिक घेतली. काळ्या फळीवर हिमकण झेलायचा, थंडगार खोलीत अलगद काचेवर घ्यायचा, श्वास आवरून कॅमेऱ्याखाली ठेवायचा, हा त्याचा क्रम. फ्लॅशची त्याला गरज नव्हती. दिवसाचा प्रकाश त्याला पुरे होता. पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवरील थर स्फटिकाच्या कडेने खरवडून काढीत असे. या गोष्टीवर त्याच्या हयातीतच टीकाही झाली, कारण खरवडताना कड बदलली तर स्फटिक खरा राहील काय, ही शंका अभ्यासकांना सतावणारच. १९३१ साली त्याचे २,४०० हून अधिक चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्याच डिसेंबरात तो निवर्तला.

आणि साप्पोरोचे नाव या शास्त्रात अजरामर आहे ते नाकाया उकिचिरो यांच्यामुळे. होक्काइदो विद्यापीठाच्या या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी आधी हजारो नैसर्गिक स्फटिकांची छायाचित्रे घेऊन वर्गवारी केली, आणि मार्च १९३६ मध्ये थंड खोलीत सशाच्या केसाच्या टोकावर जगातील पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि हवेतील वाफ यांवर स्फटिकाचा आकार ठरतो हे त्यांनी सिद्ध केले. शून्याखाली पाच अंशांच्या आसपास सुया व स्तंभ, पंधरा अंशांच्या आसपास फांद्या फुटलेले तारे. खाली पडलेला स्फटिक पाहून वरच्या ढगाची स्थिती सांगता येऊ लागली. आपली मुलगी ज्या शहरात शिकते तेथे हे घडले, हे ऐकून तिच्या वडिलांची मान जरा ताठ झाली, हे आम्ही पाहिले.

फ्लॅशचा इतिहासही लहान नाही. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पूड निघाली. तिच्या धुराने दालने भरून जात व हातही भाजत. १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यातील फ्लॅश आला. त्यानंतर अमेरिकेतील हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या स्पंदाने चमकणारा दिवा छायाचित्रणात रूढ केला व दुधाचा थेंब आदळताना उठणारा मुकुट जगाला दाखवला. आज प्रत्येक लहान कॅमेऱ्यात असलेला फ्लॅश त्या दिव्याचाच वंशज. डोळ्यांना न दिसणारे दाखवणे हे त्याचे कामच आहे. पण जे दिसले ते काय आहे, हे तो सांगत नाही. ते आपल्याला शोधावे लागते.

साक्ष कशी घ्यावी

आजींचा प्रश्न होता, फोटो खोटे बोलतो काय. आम्ही त्यांना सांगितले, "आजी, फोटो खोटं बोलत नाही, पण विचारल्याखेरीज पुरतं सांगतही नाही." आमच्याकडे ईदच्या चंद्राची साक्ष घेतात तेव्हा 'चंद्र दिसला' एवढ्यावर भागत नाही. कुठे उभा होतास, कोणत्या दिशेला पाहिलेस, आकाश निरभ्र होते काय, सोबत आणखी कुणी होते काय, हे साक्षीदाराला विचारले जाते. त्यात त्याचा अपमान नसतो. साक्षीची किंमत त्यानेच वाढते. छायाचित्रालाही हेच प्रश्न विचारावेत. प्रकाश कुठून आला? भिंगासमोर हवेत काय होते? फोकस कशावर होता? प्रकाशाची दिशा बदलून पुन्हा पाहिले काय?

आत्मा आहे की नाही, असल्यास कसा, हा विषय ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे, आणि त्यात हात घालण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच म्हणतो की कॅमेऱ्यातील वर्तुळ म्हणजे आत्मा नव्हे. ते हिमाच्या एका कणाचे, धुळीचे किंवा पाण्याच्या थेंबाचे फुगलेले रूप आहे. ज्याने हे तपासले नाही त्याने त्यावरून एखाद्या मुलीचे शिक्षण थांबवायला सांगू नये, आणि आपणही ते ऐकू नये.

वर दिलेल्या सूचनांपैकी पहिल्या दोन आम्ही मुलीला कळवल्या. आठवड्याने दुसरे छायाचित्र आले. मैत्रीण वसतिगृहाच्या पडवीत उभी राहिली होती, फ्लॅश बंद होता, दाराजवळचा दिवा एका अंगाने तोंडावर पडला होता. मागे काळोखात हिमाच्या बारीक पांढऱ्या रेघा, आणि चेहरा लख्ख. आजींनी चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिले. आम्ही वाट पाहत होतो की आता हिमाविषयी काही बोलतील. त्या म्हणाल्या, "पोरगी वाळलीय की हो. तिथं खायला काय मिळतं, ते विचारा आधी."

उताऱ्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्या महिन्यात साप्पोरोला गेले. मुलीचे ते वर्ष पुरे झाले. ट्रस्टने पन्नास वर्षांत दिलेल्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब या स्मरणिकेत अन्यत्र छापला आहेच. त्यातील एक शिष्यवृत्ती हिमाच्या चार कणांपायी वाया जाऊ शकली असती, हे सभासदांच्या ध्यानी राहावे व पुढच्या वेळी असे छायाचित्र हाती आल्यास आधी घरातील फवाऱ्याची बाटली आठवावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.